दमलेल्या माणसाची चाचणी

डोंगरात अडकलेल्यांना सोडवून आणणाऱ्या पथकाचं स्टोअर ज्याच्या ताब्यात होतं, त्याला सगळे नन्नाभाऊ म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. नवा दोर आला, नाही. नवी विजेरी आली, नाही. कुठल्या कंपनीचा माणूस चकचकीत बॅग घेऊन गोड बोलत आला, की हा चष्मा कपाळावर सरकवून आपला नन्नाचा पाढा सुरू करायचा. बरं, उगाच नाक मुरडणाऱ्यातला तो नव्हता. वस्तू ठेवून घ्यायचा, मागच्या अंगणात न्यायचा, तिचे हाल हाल करायचा आणि मगच नाही म्हणायचा. त्यामुळे कधी चुकून तो हो म्हणालाच, तर पथकातली माणसं ती वस्तू डोळे मिटून कमरेला लावायची.

असा हा माणूस त्या दिवशी सकाळपासून हातात कालचा ओला दोर घेऊन नुसता बसून होता.

वहिनीचा फोन येऊन गेला होता. वहिनी एरवी कामाच्या वेळेत फोन करणारी बाई नव्हे. "भावोजी," ती म्हणाली होती, "आज हे येतायत तुमच्याकडे. चाकू घेऊन. मी फोन केला हे बोलू नका, पण या वेळी तरी नाही म्हणू नका हो."

"अहो वहिनी, बघितल्याशिवाय कसं काय..."

"बघा की! बघायला कोण नको म्हणतंय? पण कारखाना बंद झाल्यापासून हा माणूस खुर्चीत बसून भिंत बघतोय, तेही बघितलंत ना तुम्ही? आता कुठे उठून मागच्या खोलीत लेथ लावलाय. परवा काम करता करता चक्क शीळ घातली त्यांनी. मी हातातलं टाकून ऐकत उभी राहिले." मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात ना, तर ते परत त्या खुर्चीत जाऊन बसतील. आणि आता मला नाही उठवता येणार त्यांना. दमले मी, भावोजी."

तो "बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला. दमलेला तोही होताच. आदल्या दिवशी पथक डोंगरात होतं आणि परत आलेलं सगळं सामान धुऊन, पुसून, वाळत घालून त्याचे खांदे भरून आले होते. पण ते दमणं निराळं. झोप काढली की उतरतं.

दादा आला तो जेवणाची वेळ टळल्यावर. कारखान्याच्या जुन्या निळ्या शर्टात गुंडाळलेले दोन चाकू त्याने टेबलावर ठेवले आणि शर्ट उलगडला. नन्नाभाऊने आजवर ढीगभर चाकू पाहिले होते, पण हे बघून त्याने कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर ओढला. मूठ म्हणजे एक देखणी पोकळ नळी. हात घसरू नये म्हणून तिच्यावर बारीक खवले पाडलेले. मागच्या टोकाला टोपण, टोपणात इवलंसं होकायंत्र. दादाने टोपण दोन बोटांनी फिरवलं, तर ते कुठेही न अडखळता सुटून हातात आलं. असे पेचाचे आटे पाडायला लेथवर हयात जावी लागते.

"आत काय आहे?"

"काड्या, मेणात बुडवलेल्या. सुईदोरा. मासे धरायचा गळ. जखमेची पट्टी. रबरी रिंग बसवलीय, थेंबभर पाणी आत गेलं तर सांग मला."

"दादा, हे सगळं खिशात मावतं."

"आणि खिसा फाटला तर?"

"चाकू हरवला तर? मग चाकूही गेला, काड्याही गेल्या."

"कमरेचा चाकू हरवतो का कधी?"

"इथे लोक पायातला बूट हरवून येतात."

दादा हसला. खरंच हसला, दात दाखवून. नन्नाभाऊला ते बघून बरं वाटलं आणि लगेच वहिनीचं बोलणं आठवलं. दादा रंगात आला होता. "आणि हे बघ, मूठ पोकळ आहे म्हणून काठीच्या टोकावर बसते. भाला होतो."

"भाला करून मारायचं कोणाला? आम्ही माणसं वाचवायला जातो, दादा."

"बरं बाबा, भाला राहू दे."

तेवढ्यात कप्तान आत आली. पथकाची प्रमुख तीच, नन्नाभाऊपेक्षा वयाने बरीच लहान, पण डोंगरात तिचा शब्द शेवटचा. तिने चाकू उचलला, टोपण उघडलं, आतल्या काड्या तळहातावर घेतल्या. "मागे ओढ्यात माझी बॅग वाहून गेली होती," ती दादाला म्हणाली. "अंगावर फक्त कमरेचा पट्टा आणि चाकू उरला होता. तेव्हा यातली एक सुकी काडी असती ना, तर मी सकाळपर्यंत कुडकुडत बसले नसते. मला आवडला."

"ऐकलंस का, धाकट्या?" दादा म्हणाला.

धाकट्याने ऐकलं होतं. त्या बोलण्यात तथ्य होतं, हेही त्याला पटलं होतं. पण खरा प्रश्न त्याने अजून विचारलाच नव्हता. साध्या चाकूचं पातं मुठीपाशी संपत नाही. त्याचं लोखंड मुठीच्या आतून पार शेवटपर्यंत जातं, म्हणून तर तो दणके सोसतो. इथे मूठच पोकळ, आत काड्या आणि सुईदोरा. मग पातं धरलंय कशाने?

"आट्यांनी," दादा म्हणाला. "पात्याच्या बुडाला दांडी काढलीय, दांडीवर आटे पाडलेत आणि मुठीच्या तोंडात गच्च पिळून बसवलंय. वरून पीन ठोकलीय. अरे, आट्यांवर अख्खी यंत्रं उभी राहतात, तू एका चाकूचं काय घेऊन बसलास!"

दुसरा कुणी कारागीर असता, लोहार असता, तर बोटभर दांडीला खाचा पाडायला त्याचा हात धजला नसता. पण दादाने उभा जन्म आटे पाडले होते. जगात काहीही कशालाही जोडायचं म्हटलं की त्याला आधी आटेच दिसायचे. खाच पाडली की तिथे लोखंड बारीक होतं, हे त्याला कळत नव्हतं थोडंच? पण स्वतःच्या आट्यांवर शंका घ्यायची म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तिघं मागच्या अंगणात गेले. नन्नाभाऊने फांद्या तोडून बघितल्या. धार उत्तम, केस कापावा अशी. मग लाकडाच्या ओंडक्यावर पातं आडवं धरून वरून सोट्याने ठोकत ओंडका फोडला. चाकू हलला नाही. दुसरा फोडला. तरी हलला नाही. दादा हाताची घडी घालून उभा होता आणि बारीक आवाजात शीळ घालत होता.

आता उरली शेवटची चाचणी. अंगणाच्या कोपऱ्यात एक जुनं चिरलेलं खोड होतं. त्या चिरेत पातं खुपसायचं, मुठीवर अंग टाकायचं आणि पिळायचं. या प्रकाराला नन्नाभाऊने आपल्या मनाशी नाव दिलं होतं, दमलेल्या माणसाची चाचणी. ताजातवाना माणूस चाकूने कापतो. दमलेला, भिजलेला, हात बधिर झालेला माणूस त्याच चाकूची पहार करतो, कुठेतरी फटीत घालतो आणि उचकटतो. त्याला कितीही शिकवा, त्या घडीला तो तेच करणार. म्हणून नन्नाभाऊ ही चाचणी मुद्दाम दिवस कलल्यावर करायचा, स्वतःचे हात मोडून आलेले असताना, वैताग आलेला असताना. तेव्हा वस्तूवर खरा राग निघतो. पोकळ मुठीचे चाकू त्याने आधीही या चिरेत घातले होते, आणि त्यांचं काय झालं होतं तेही त्याला चांगलं आठवत होतं.

तो चाकू घेऊन दोन पावलं खोडाकडे गेला. मग थांबला. दादाची शीळ चालूच होती. वहिनीचा आवाज काही कानातून जात नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याला वीट आला होता. जन्मभर आपणच का नाही म्हणायचं? एकदा हो म्हटलं तर सगळे मोकळे होतील. दादा मोकळा, वहिनी मोकळी, आपण मोकळे. त्याने चाकू पँटला पुसला आणि मागे वळला.

"चालेल," तो म्हणाला.

"काय?" कप्तान ओरडलीच. "नन्नाभाऊ हो म्हणाले? अरे, कुणीतरी ऐका रे!" आणि तिने त्याच्या हातातला चाकू घेऊन तिथल्या तिथे कमरेला लावला. दादाने नुसती मान हलवली आणि दुसरीकडे बघत नाक पुसलं.

जरा वेळाने बोलावणं आलं. रानात जमिनीची मोजणी करायला गेलेल्या एका माणसाच्या पायावर झाड कोसळलं होतं, घळीत, उतारावर. पथक दोर, करवत, स्ट्रेचर उचलून निघून गेलं आणि स्टोअरमध्ये दोघे भाऊ उरले.

नन्नाभाऊने चहा केला. दादा बऱ्याच दिवसांनी मोकळा बोलत होता. टोपणात होकायंत्राऐवजी आरसा बसवता येईल का, मूठ थंडीत गार पडते तर वरून दोरी गुंडाळावी का, असं एकापुढे एक चाललं होतं. कप विसळायला म्हणून तो अंगणात गेला आणि तिथूनच म्हणाला, "काय रे, या खोडावर एवढे घाव कसले?"

"चाकूंचे," नन्नाभाऊ आतून म्हणाला. "शेवटची चाचणी तिथे करतो मी. चिरेत घालून..." आणि त्याने जीभ चावली.

दादा दारात येऊन उभा राहिला. हातात ओला कप तसाच. "माझा नाही घातलास."

नन्नाभाऊने चहाचं पातेलं उगाच पुसायला घेतलं.

"विसरलास?"

हो म्हणायला काय जात होतं? विसरलो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण दिवसातलं दुसरं खोटं त्याच्या तोंडून निघेना. "नाही," तो म्हणाला. "विसरलो नाही."

दादाने कप ठेवला, टेबलावरचा दुसरा चाकू उचलला आणि पुन्हा अंगणात गेला. नन्नाभाऊ मागोमाग धावला, "दादा, ऐक ना, दादा," म्हणत. दादाने पातं चिरेत खुपसलं आणि मुठीवर भार टाकला. पुरता टाकलासुद्धा नाही. कट्कन आवाज आला. पातं खोडात राहिलं आणि मूठ दादाच्या हातात आली.

त्याने मूठ डोळ्यांजवळ नेऊन तुटलेली जागा बघितली, बराच वेळ. "पहिल्याच आट्यात गेला," तो म्हणाला. "तिथूनच जाणार होता. मला कळायला हवं होतं." मग त्याने विचारलं, "हिने फोन केला होता ना?"

नन्नाभाऊने मान खाली घातली.

"घरात वर्षभर सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलतायत. मी भाजी आणली की वा वा. मी आंघोळ केली की वा वा. लाज वाटते रे मला. म्हणून तुझ्याकडे आलो. म्हटलं, जगात एक माणूस आहे जो मला तोंडावर नाही म्हणेल. आणि तूही त्यांच्यातलाच निघालास."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्याचा आवाज अगदी साधा होता, आणि नन्नाभाऊला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसरा चाकू! तो कप्तानच्या कमरेला होता.

तो धावत आत गेला आणि वॉकीटॉकी उचलला. "कप्तान, स्टोअरमधून बोलतोय. तो नवा चाकू वापरू नकोस. तुझा जुना काढ."

खरखर झाली. मग तिचा आवाज आला, धापा टाकत. "जुना नाही आणला, नन्नाभाऊ. तुम्ही हो म्हणालात ना, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवून आले."

नन्नाभाऊने घाईने विचारलं, "करवत कुठाय?"

"वर. बाकीचे वर दोर लावतायत, खाली याच्यापाशी मी एकटीच आहे. झाड सरकायला लागलंय. याचा पाय बॅगेच्या पट्ट्यांत आणि फांदीत गुंतलाय. वाट बघायला वेळ नाही. फटीत पातं घालून फांदी उचकटते."

"उचकटू नकोस!" दादाने वॉकीटॉकी त्याच्या हातातून हिसकावून घेतला. "पोरी, ऐक. मी बोलतोय, चाकू ज्याने केला तो. त्याचं पातं मुठीपाशी तुटतं. आत्ता माझ्या हातात तुटलं. पिळायचं नाही, ठोकायचं नाही, अंग टाकायचं नाही. आधी पट्टे काप. ओढून काप. धार खरी आहे, धारेची हमी माझी."

खरखर. "पट्टे कापले. फांदी राहिलीय."

"किती जाड?"

"मनगटाएवढी."

"करवतीसारखा मागेपुढे चालव. मागेपुढे. लाकडाने पातं धरलं तर जोर करू नको, बाहेर काढ आणि बाजूने परत घाल."

"हात उचलत नाहीत हो!"

"मग हात बदल. पण पिळू नकोस. काहीही झालं तरी पिळू नकोस."

मग बराच वेळ नुसती खरखर होती. दादा वॉकीटॉकी दोन्ही हातांत धरून उभा होता आणि ओठांतल्या ओठांत "मागेपुढे, मागेपुढे" म्हणत होता. नन्नाभाऊ त्याच्या शेजारी उभा होता. आपण काय करून बसलो, एवढंच त्याच्या मनात फिरत होतं. अखेर आवाज आला, "निघाला! पाय निघाला. ओढा, वर ओढा!" आणि त्याच्या मागोमाग काहीतरी मोठं घसरत खाली गेल्याचा आवाज. मग कप्तानचा, अगदी बारीक, "आम्ही वर आहोत. दोघंही."

दादाने वॉकीटॉकी हळूच टेबलावर ठेवला.

पथक परतलं तेव्हा उन्हं उतरली होती. मोजणीवाल्याला परस्पर दवाखान्यात पोचवलं होतं. कप्तान चिखलाने माखलेली आत आली, चाकू टेबलावर ठेवला आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसली. पातं जागेवर होतं. "तुटतो म्हणालात," ती दादाला म्हणाली, "पण माझा नाही तुटला. एवढी फांदी कापली त्याने. असा जपून वापरायचा असं सगळ्यांना सांगून टाकू, आणि घेऊ या ना. काय, नन्नाभाऊ?"

बघा आता. पुन्हा एकदा सगळ्यांना मोकळं करायची संधी चालून आली होती, आणि या खेपेला तर चाकू खरोखर माणूस सोडवून आला होता. नन्नाभाऊने दादाकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" दादा म्हणाला. "तुला विचारलंय."

"नाही," नन्नाभाऊ म्हणाला. "हा चाकू चालणार नाही. जपून वापरायला सांगता येतं ते ताज्यातवान्या माणसाला, दमलेल्याला नाही. आणि कप्तान, दुपारी मी हो म्हणालो ते खोटं होतं. शेवटची चाचणी मी केलीच नव्हती. टाळली."

कप्तानने त्याच्याकडे पाहिलं. "मी त्या मुठीवर अंग टाकणारच होते," ती म्हणाली. एवढंच. मग उठली, ड्रॉवर उघडून आपला जुना चाकू काढून कमरेला लावला आणि हात धुवायला निघून गेली. उद्यापासून ती याच्या प्रत्येक 'हो'वर एक प्रश्न विचारणार होती, आणि तो तिचा हक्कच होता. नन्नाभाऊचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

दादा स्टूल ओढून त्याच्यासमोर बसला. तुटलेली मूठ, खोडातून उपटून आणलेलं पातं आणि तो शाबूत चाकू, तिन्ही त्याने मध्ये मांडली. "सांग," तो म्हणाला. "का चालणार नाही ते पहिल्यापासून सांग. आणि मला बरं वाटावं म्हणून काही गाळलंस तर याद राख."

"मूठ पोकळ ठेवायचीच कशाला, इथूनच सुरुवात आहे," नन्नाभाऊ घसा साफ करत म्हणाला. "काड्या खिशात..."

"काड्यांचं सोड! काड्यांचं म्हणणं तिला पटलं होतं, तुलाही पटलं होतं, मी बघत होतो. दांडीचं बोल. दांडी जाड केली तर? आटे काढून टाकले आणि मुठीत आरपार लोखंड घातलं तर?"

"मग आत काड्या कुठे ठेवशील?"

"ते माझं मी बघीन! तू फक्त कुठे तुटेल ते सांग."

"अरे, पण मग पोकळ राहिलंच काय त्यात?"

"तेच तर विचारतोय, गाढवा!" दादाने टेबलावर थाप मारली. वर्षभरात पहिल्यांदाच तो त्याच्याशी भांडत होता.